बेचाळिसावा चौकोन

माझ्या आईने २००८ साली शिवायला घेतलेली एक गोधडी २०२४ च्या उन्हाळ्यात पुरी झाली. यात समीक्षा करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी तो मला सरळच विचारला. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला होता आणि म्हणाले होते, "किती अनघड सौंदर्य आहे! आईच्या मायेची ऊब आहे हिच्यात." मग ती महाविद्यालयाच्या कलाप्रदर्शनात लावावी असे त्यांनी सुचवले, आणि खाली डकवायच्या चिठ्ठीचा मजकूरही लिहून आणला : 'गोधडी. लोककला. कलावंत अनामिक.' जिचा मुलगा तुमच्यासमोर उभा आहे ती बाई अनामिक कशी, असे मी विचारले तेव्हा ते ओशाळले.

माणूस चांगला आहे. त्यांच्या मनात तुच्छता नव्हती. म्हणूनच त्या शब्दांचा विचार करणे मला गरजेचे वाटते. अनघड, ऊब, अनामिक हे शब्द त्यांच्या एकट्याचे नाहीत. ते प्रस्थापित अभिरुचीचे शब्द आहेत. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि पाठोपाठ दलित आत्मकथने येऊ लागली, तेव्हाही हाच सूर ऐकू आला होता. अनुभव अस्सल आहे, पण आकृतिबंध नाही. वेदना आहे, पण रचना नाही. सगळे तुकड्यातुकड्यांचे, ठिगळे जोडल्यासारखे. हा सूर आजही वर्गावर्गांतून, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून निघतो. ठिगळे जोडणे म्हणजे रचना नसणे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ज्यांनी आयुष्यात एकदाही वाकळ शिवताना पाहिली नाही त्यांनीच ते गृहीत धरले असावे.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. ही वाकळ एरवीच्या वाकळीपेक्षा थोडी वेगळी आहे. तिच्यात सहा आडव्या आणि सात उभ्या असे बेचाळीस चौकोन आहेत, आणि एकही नमुना दुसऱ्यासारखा नाही. कुठे नऊ तुकड्यांची चौकट, कुठे चार त्रिकोणांचा पतंग, कुठे जात्याच्या पाळूसारखी गोल फिरणारी पट्टी. पाश्चात्त्य देशांत अशा गोधडीला सॅम्पलर म्हणतात. शिकणाऱ्या बाईचा हात प्रत्येक नमुन्यावर बसावा, हा तिचा मूळ हेतू. आईने तो शब्द कधी ऐकलेला नाही. मी बारावी होऊन तालुक्याला शिकायला गेलो, तेव्हा माझी शाळेची खाकी चड्डी तिने कापली आणि पहिला चौकोन केला. "तू तिकडं शिक, मी हिकडं शिकते," असे ती तेव्हा म्हणाल्याचे आठवते. मी ते हसण्यावारी नेले होते.

ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात रोजाने जाई. त्यामुळे कामे नसलेल्या चैत्र-वैशाखातच सुई हातात येई. वर्षाला दोन, कधी तीन, कधी चार चौकोन. आधी सगळे चौकोन तयार व्हायचे, मग ते एकमेकांना जोडायचे, खाली जुन्या लुगड्यांचे दोन थर, तळाला एक सबंध लुगडे, चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि मग कडेकडून आत आत येत धावदोऱ्याचे टाके. टाक्यांच्या दोन ओळींत एका बोटाचे अंतर. ते अंतर वाढले तर आतले थर सरकून गोळा होतात. कमी झाले तर वाकळ जड आणि ताठ होते. याला अनघड म्हणायचे असेल तर घडीव कशाला म्हणायचे?

मी आईची वाकळ निर्दोष मानत नाही. श्रद्धेने केलेली समीक्षा ही समीक्षा नव्हे, हे आपण इतरांना सांगतो. ते आपल्यालाही लागू आहे. तिसऱ्या ओळीतला एक नायलॉनचा चौकोन साफ फसला आहे. सुती कापडाशेजारी नायलॉन ताणले गेले आणि तिथे कायमची चुणी पडली. शेवटच्या दोन ओळींत तिची नजर मंदावल्याचे टाक्यांवरून कळते. पण रंगांच्या मांडणीत तिने एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळली : गडद चौकोनाला गडद चौकोन लागू दिला नाही. तुकडा हाताला लागला आणि जोडला, असे कुठेही नाही.

तिची निवड वरच्या थरावर दिसते, तशी आतल्या थरातही आहे. एका निवडणुकीत वाटलेली पातळ साडी आमच्या घरी आली होती. कापड नवे होते, रंग भडक होता. तिने ती चौकोनासाठी कापली नाही, आतल्या थरात घातली. का, असे विचारल्यावर म्हणाली, "पोटात ऱ्हाऊ दे. ऊब द्यायला बरी हाय. तोंडावर नको." कोणते कापड दर्शनी लावायचे आणि कोणते नुसते वापरायचे, याचा हा निर्णय आहे. आपली आत्मकथने वाचतानाही हा भेद ध्यानात घ्यावा लागेल. लेखकाने पृष्ठावर काय मांडले याची चर्चा आपण पुष्कळ केली. काय आत ठेवले, याची फारशी केली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वाकळीतले कापड येते कुठून? मध्यमवर्गीय घरांत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : आजीची नऊवारी, आईचे लग्नातले पातळ, बाळाचे झबले. त्या गोधडीवर आठवणींची कविता करता येते. आमच्या वस्तीतल्या जुन्या वाकळींत मात्र गावाने टाकलेले कापड होते, आणि त्यात मढ्यावरचेही कापड होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना मृतांची वस्त्रे नेमून दिली. गावगाड्याने त्याच व्यवस्थेला हक्क असे गोंडस नाव दिले आणि महाराला मढ्यावरच्या कापडाचा मानकरी केले. ज्या ग्रंथाने माणसाच्या अंगावर प्रेताचे कापड टाकले तो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख सांगणारे दागिने टाका, असे सांगितले. कापड हा त्या लढ्याचा किरकोळ भाग नव्हता.

माझी आजी, वडिलांची आई, १९५६ साली नवी नवरी होती. धर्मांतराची वार्ता गावात आल्यावर तिने घरातली थोरली वाकळ अंगणात आणली आणि उसवायला बसली. मढ्यावरचा एकेक तुकडा तिने सुईच्या टोकाने वेगळा केला. ती भोके साखरेच्या पोत्याच्या कापडाने भरली. तेव्हापासून घरात एक नियम झाला : मेल्याचे कापड वाकळीत घालायचे नाही. हे मी वडिलांकडून ऐकले आहे. आजीने कुठला जाहीरनामा वाचला नव्हता. पण ज्याला आपण दलित साहित्यातील नकार म्हणतो, तो माझ्या घरात प्रथम उसवण्याच्या रूपाने आला. कवितेच्या रूपाने तो पुष्कळ नंतर आला.

या नकाराने आईच्या वाकळीची चार वर्षे खाल्ली. २०२० साली माझे वडील वारले, तेव्हा एकेचाळीस चौकोन तयार होते. ते गवंड्याच्या हाताखाली काम करीत. त्यांचा कामावरचा सदरा दांडीवर तसाच होता. सिमेंटचे डाग धुऊनही न गेलेला. शेजारच्या बाया म्हणाल्या, हाच घाल शेवटचा. आई म्हणाली, "आत्याबाई सांगून गेल्यात. मेल्याचं कापड वाकळंत न्हाई घालायचं." दुसरे कापडही तिने घेतले नाही. एका चौकोनासाठी सगळे जोडकाम थांबले.

या चार वर्षांत मी अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांविषयी वाचत होतो. त्या वाचनाकडे मी योगायोगाने वळलो नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तिथले कवी, वक्ते, कादंबरीकार आपण आपले मानले. त्यांच्या आया काय शिवत होत्या, हे मात्र आपण पाहिले नाही. जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधील प्रसंगांचे चौकोन जोडून एक गोधडी केली. १८९१ साली गरिबीमुळे ती त्यांना पाच डॉलरला विकावी लागली. पण विकताना त्यांनी घेणाऱ्या बाईला एकेका चौकोनाचा अर्थ सांगितला, आणि तो लिहून ठेवला गेला. त्या गोधडीची पहिली समीक्षक ती शिवणारी बाईच होती. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे, आणि तिथे कलावंत अनामिक नाही.

अलाबामातील जीज बेंड हे नदीच्या वळणातले गाव. १९६२ साली, तिथले कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडच्या शहरात जाऊ लागले, तेव्हा नदीवरची तर बंद करण्यात आली. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. या गावच्या स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत शिवणाऱ्यांच्या नावांसह लागल्या. नाव लागले म्हणून न्याय मिळाला असे नव्हे. पैशाच्या आणि हक्काच्या प्रश्नावर २००७ साली काहीजणींना न्यायालयात दावे लावावे लागले. ते पुढच्या वर्षी आपसात मिटले. पण दावा लावायला आधी नाव असावे लागते, हेही तितकेच खरे.

याच गावच्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. तिचे छायाचित्र मी आईला मोबाइलवर दाखवले. विटलेल्या कापडाच्या पट्ट्या, कुठे निळ्या, कुठे मातकट. आईने ते बोटांनी मोठे करून टाके पाहिले. मग विचारले, "ह्ये तिच्या मालकाचं?" मी हो म्हणालो. ती त्या वेळी काही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तर सदरा कापलेला होता. मी आजीच्या नियमाची आठवण दिली. ती म्हणाली, "त्ये गावानं अंगावर टाकलेलं व्हतं. ह्ये माझ्या घरातलं हाय."

आपल्या समीक्षेला आज या वाक्याची गरज आहे, असे मला वाटते. वेदना, विद्रोह, नकार या संज्ञा आपण कष्टाने मिळवल्या. त्यांच्या बळावर आपण प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला जाब विचारला. पण पुढे पुढे त्या संज्ञा साच्यासारख्या वापरल्या जाऊ लागल्या. कवितेत नकार दिसला की ती दलित कविता. शोक दिसला, माया दिसली, जुन्या वस्तूची ओढ दिसली की आपण संशयाने पाहू लागतो. आजीने मेल्याचे कापड उसवले आणि सुनेने मेल्याचे कापड जोडले, यात आपल्याला विसंगती दिसेल. मला ती दिसत नाही. लादलेले कापड नाकारल्याशिवाय आपले कापड निवडता येत नाही. आजीने उसवले नसते तर आईच्या हातातला तो सदरा पुन्हा गावाच्या हक्काचेच कापड ठरला असता. नकार हा आपल्या सौंदर्यविचाराचा पाया आहे. पण त्यावर घर बांधायचे आहे, आणि त्या घरात आपल्या मृतांसाठीही जागा लागेल.

आणखी एक कबुली द्यायला हवी. ऊब आणि माया हे शब्द केवळ सवर्ण समीक्षकांनी वापरले असे नाही. आम्ही शिकलेल्या मुलांनीही आईच्या वाकळीवर कविता लिहिल्या आणि तिचे कष्ट मायेत जमा केले. उर्मिला पवार यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले, तेव्हा आईचे बांबूचे विणकाम आणि आपले लेखन ही एकाच जातीची कामे आहेत असे मानले. आम्ही पुरुष लेखकांनी हा विचार अजून पुरता पचवलेला नाही. मी सोळा वर्षे या वाकळीचे चौकोन पाहत आलो. सुईत दोरा ओवून देण्यापलीकडे काही केले नाही, आणि तोही तिची नजर मंदावल्यावर.

बेचाळिसाव्या चौकोनात तिने कुठलाही नमुना घातलेला नाही. सदऱ्याचा खिशाकडचा भाग सबंध ठेवला आहे, बटणासकट. खिशाचे तोंड शिवलेले नाही. बाकी सर्वत्र एका बोटाच्या अंतराने चालणारे टाके तिथे खिशाला वळसा घालून जातात. रचनेच्या दृष्टीने हा धोका आहे. तेवढ्या जागेत आतले थर सैल राहिले आहेत आणि उद्या सरकतील. हे मी तिला म्हणालो. तिला ते ठाऊक होते.

प्रदर्शनात ती तीन दिवस लावली. चिठ्ठीवर आईचे पूर्ण नाव होते, सुरू केल्याचे आणि संपल्याचे साल होते, आणि 'लोककला' हा शब्द नव्हता. चिठ्ठी त्याच सहकाऱ्यांनी नव्याने लिहिली. आईची अट एकच होती : पाऊस लागायच्या आत वाकळ घरी आली पाहिजे, कारण पांघरायला लागते.