पोथी कोणती?

संतवाङ्मयावरचा लेख मध्ययुगीन अभ्यासाच्या नियतकालिकाकडे पाठवला, की संपादक आधी विचारतात, ‘पाठ कोणत्या पोथीतला?’ आपल्यातल्या पुष्कळांना हा प्रश्न अश्रद्धेचा वाटतो. अहो, तो तर नाथांचाच प्रश्न! शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये, असे बजावले.

आपले लेख मात्र भक्तिविजयातली भिंतीची कथा माउलींच्या काळचा पुरावा म्हणून देतात. माउलींची समाधी १२९६ ची, भक्तिविजय १७६२ चा. महिपतीबाबांनी नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचे ऋण मोकळेपणाने सांगितले. आपण महिपतीबाबांचेही नाव घेत नाही. ती कथा कीर्तनात जरूर रंगवावी. ललित लेखन घेणारी नियतकालिके आहेत, तिथे ललित म्हणूनच पाठवावी. शोधलेखात ती कोणी, केव्हा लिहिली हे सांगावेच लागेल.

फडावर तोंडी चालत आलेला पाठ छापील नाही म्हणून बाजूला सारणारे संपादक मात्र चुकतात. असा पाठ कोणत्या फडावर, कोणाच्या तोंडून, कोणत्या साली ऐकला, हे टिपून लेखासोबत जोडा.