बोरूची रेघ, पाण्याचा हात

बोरू आपल्यातल्या जुन्या लोकांनी हातात धरलेला असेल. तिरका कापलेला, शाई फार वेळ न धरणारा. रेम्ब्रांटने १६५० च्या आसपास ॲम्स्टरडॅमभोवतीच्या झोपड्या, कालवे, झाडं काढली तेव्हा पिसाच्या लेखणीबरोबर बोरूही त्याच्या हाती होता. बोरूची गंमत अशी, की शाई संपत आली की रेघ खरखरीत होते, मधून कागद दिसू लागतो. म्हणजे रेघच करडी पडते. छटा वेगळी भरावी लागत नाही.

हा मुद्दा आम्ही जरा ताणून धरतो. कारण आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला ‘आधी बाह्यरेषा, मग शेडिंग’ असंच शिकवलं जातं. जणू रेषा ही भिंत आणि छटा हा तिला दिलेला चुना! तत्त्वज्ञानालाही ही सवय आहेच. कांटने १७९० च्या ग्रंथात रेखनाला मुख्य मानलं, रंगाला नुसती मोहिनी ठरवलं. रंग राहू द्या, एकरंगी छटेचं काय करायचं? यान व्हान गोयेनचं एखादं रेखाटन घ्या. काळा खडू, वर करड्या पाण्याचे दोन-चार हात, क्षितिज अगदी खाली. ती करडी छटा होडीची सावली नव्हे, पलीकडच्या चर्चचीही नव्हे. दोहोंमधली ओली हवा आहे ती. पुसून टाका, होडी आणि चर्च एकमेकांना चिकटतील.

व्हॅन गॉग दुसऱ्या टोकाला. १८८८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या माँमाजूरच्या टेकडीवरून त्याने खालचं सपाट शिवार काढलं, ते जवळ जाड फटकारे आणि लांब बारीक ठिपके एवढ्यावरच.

आता आपल्याकडे या. मार्कंड्याला वैनगंगेचं पात्र रुंद, वाळू पसरलेली. तिथे व्हान गोयेन चालेल. ब्रह्मपुरीकडच्या पाणी साचलेल्या धानाच्या बांध्यांतही चालेल. पण गडचिरोलीच्या बांबूबनात क्षितिजच नाही! आम्ही पाहिलेली जंगलाची बहुतेक रेखाटनं इथेच फसतात. प्रत्येक बांबू, प्रत्येक पेर सारख्याच जोराने काढलेलं, वरून बोटाने पेन्सिल घासलेली. कष्ट दिसतात, जंगल दिसत नाही. आत किती लांबवर बन आहे हे कळतं दोन बांबूंमधल्या उजेडावरून. तेव्हा मागच्या बांबूची रेघ सुकत आलेल्या बोरूची हवी, आणि काही ठिकाणी तीही सोडून द्यायला हवी. बांबूची काडी इथे कुठेही मिळेल, तासून बघा. कुठली रेघ सोडायची, हे मात्र खोडरबराच्या भरवशावर ठरवता येणार नाही. शाई खोडता येत नाही.