आत राहिलेला कामगार

लिनो ब्रोका हा फिलिपिन्सचा दिग्दर्शक. जन्म १९३९, मोटार अपघातात गेला १९९१ साली. त्याचा 'इन्सियांग' (१९७६) जाणकार नावाजतात. मनिलाची तोंडो झोपडपट्टी, सुरवातीलाच डुकरांचा कत्तलखाना. अस्सल आहेच. पण मला 'बायान को' (१९८४) जास्त लागला.

त्यात तुरिंग छापखान्यात कामाला. बायको पोटुशी, खिसा रिकामा. मालकाकडून उचल घेतो नि युनियनमध्ये जाणार नाही म्हणून सही करून देतो. मग संप होतो. दोस्त गेटाबाहेर, हा आत. पुढं बिल भरल्याशिवाय दवाखाना बाळंतिणीला नि पोराला सोडत नाही.

असल्याला आपण फुटीर म्हणतो, थुंकतो. मीही थुंकलोय. ब्रोका थुंकत नाही, माफही करत नाही. सही कशापायी झाली तेवढं दाखवतो. आणि हा काय मालकधार्जिणा माणूस नव्हे. १९८५ला मार्कोसच्या राज्यात जीपनी ड्रायव्हरांच्या संपात उतरला म्हणून तुरुंगात गेला. आमच्या संपाच्या कवितांत तुरिंग कुठाय? माझ्या तर नाहीच.

शेवटचा दरोडा, पिस्तुलं मात्र बाजारू वाटली. तिथं तुरिंगचा नट होतो.