जोड कुणाशी लावली?

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक दगड ठेवला आहे. उंची जेमतेम अडीच फूट. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम महंमद ऊर्फ गामा पहिलवानाने तो उचलला, अशी त्याच्यावर नोंद आहे. वजन बाराशे किलो असल्याचं सांगतात. आइसलंडच्या हाफ्थोर ब्यॉर्नसनने २०२० साली लोखंडी दांड्यावर ५०१ किलो उचलले, तेव्हा जगभर चर्चा झाली. त्या हिशेबाने बाराशेचा आकडा भक्तांनी हात सैल सोडून सांगितला असावा. तरी दगड बघितला की एवढं पटतं, की चोवीस वर्षांच्या त्या पोराने तो जागेवरून हलवला असला तरी पुरे.

तरुण मल्लाच्या ताकदीचं कौतुक करायला दगड पुरतो. उतारवयातल्या मल्लाचं मोजमाप कशाने करायचं, हा मात्र अवघड प्रश्न आहे, आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्याने गेल्या वीसेक वर्षांत तो पुन्हा पुन्हा पुढे आणला आहे. हेवीवेट गटात चाळिशी ओलांडलेले, एकदा निवृत्ती जाहीर केलेले लढवय्ये परत येतात, तिकिटं खपतात, आणि काही मिनिटांत कुणीतरी आडवा होतो. या पुनरागमनांना एक कला मानून तिची आजची अवस्था तपासावी, तर चित्र फारसं बरं नाही.

आधी गामाचंच उदाहरण घेऊ. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को त्याच्यासमोर आला. पहिल्या काही क्षणांतच गामाने त्याला खाली घेतलं; त्यानंतर झ्बिस्को अडीच तासांहून जास्त वेळ जवळजवळ जमिनीलाच चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही. हा हिशेब सतराएक वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी पुरा करून घेतला. गामा एकोणपन्नास वर्षांचा, झ्बिस्को अठ्ठेचाळीस. कुस्ती मिनिटभरही चालली नाही. झ्बिस्को चीत झाला.

या कुस्तीकडे चिकित्सक नजरेनेही बघायला हवं. माती गामाची होती, नियम हिंदुस्थानी होते, यजमान गामाचा आश्रयदाता होता. मॅटवर पोटावर पडून राहण्याची झ्बिस्कोची जुनी युक्ती इथे चालणार नव्हती. पण एक गोष्ट निर्विवाद होती: जोड बरोबरीची होती. दोघांच्या वयात वर्षाचंही अंतर नव्हतं, आणि झ्बिस्को नुसता नावापुरता उरलेला मल्ल नव्हता; १९२५ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेत वेन मनला हरवून जागतिक किताब घेतला होता. म्हाताऱ्या सिंहासमोर कोकरू बांधलं, असं त्या कुस्तीबद्दल कुणाला म्हणता आलं नाही. शिवाय दोघांमध्ये एक जुना, खरा हिशेब बाकी होता. पुनरागमनाची उत्तम म्हणावी अशी कसोटी मला इथेच सापडते. जिंकला की हरला हे नंतर. आधी जोड कुणी लावली, कुणाशी लावली आणि कशासाठी लावली, ते बघायचं.

वय काय नेतं आणि काय मागे ठेवतं, हेही नीट समजून घ्यायला हवं. आधी जाते ती चपळाई: ठोसा येताना दिसतो, पण मान वेळेत हलत नाही. मग दम कमी होतो. मार खाऊन सावरायला वेळ लागतो. हाताचं वजन मात्र उशिरापर्यंत टिकतं. हलक्या गटातल्या लढवय्याचं सगळं भांडवल वेगात असतं, त्यामुळे पस्तिशीतच त्याचा खेळ उतरणीला लागतो. हेवीवेटमध्ये एक ठोसा बसला तरी लढत संपू शकते. कमाल मर्यादा एकशेवीस किलोच्या आसपास असल्याने बहुतेकांना वजन उतरवण्यासाठी उपासमारही करावी लागत नाही. त्यात या गटात चांगल्या मल्लांची कायमच टंचाई, त्यामुळे म्हाताऱ्याला जागा मिळते. जॉर्ज फोरमनने १९७७ मध्ये बॉक्सिंग सोडलं, दहा वर्षांनी तो परतला आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, गुणांवर मागे असताना दहाव्या फेरीत त्याने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला झोपवलं. प्रत्येक पुनरागमनाच्या जाहिरातीत त्याचं नाव येतं. त्याने त्याआधी सात वर्षं लहानमोठ्या लढतींत घाम गाळला होता, ते जाहिरातीत येत नाही.

पिंजऱ्यातलं सर्वांत अभ्यासण्याजोगं पुनरागमन रँडी कुटूरचं. मूळचा ग्रीको-रोमन कुस्तीगीर. फेब्रुवारी २००६ मध्ये चक लिडेलकडून हरल्यावर त्याने निवृत्ती घेतली. ३ मार्च २००७ रोजी कोलंबसमध्ये तो थेट यूएफसी या संघटनेचा हेवीवेट विजेता टिम सिल्वियासमोर उभा राहिला, वय त्रेचाळीस. सिल्विया सहा फूट आठ इंच उंच, वजनानेही कितीतरी जास्त. लांब हातांच्या या माणसापासून दूर राहून लढणं म्हणजे पाच फेऱ्या मार खाणं. कुटूरने घंटा वाजताच वरून उजवा हात असा टाकला, की पहिल्या दहा सेकंदांत सिल्विया खाली बसला. कुटूर लगेच पाठीवर चढला. पुढची पंचवीस मिनिटं त्याने हेच तंत्र घासून वापरलं: ठोशाचा धाक दाखवायचा, सिल्वियाने हात वर घेतले की पटात घुसायचं, खाली घ्यायचं, उठू द्यायचं नाही. तिन्ही पंचांनी पाचही फेऱ्या त्याला दिल्या. कुठल्याही तालमीतल्या वस्तादाने ही लढत बघितली असती तर त्याला भाषेची अडचण आली नसती. वयाने नेलेला वेग कुटूरने अंतर आणि कब्जा यांतून भरून काढला. परत येताना तो जुना कुटूर घेऊन आला नाही. या एका प्रतिस्पर्ध्यासाठी घडवलेला नवा मल्ल घेऊन आला.

आंद्रेई आर्लोव्स्कीची गोष्ट कमी झगमगीत, पण तितकीच शिकवणारी. २००५ चा यूएफसी विजेता, मग २००९ ते २०११ मध्ये सलग चार पराभव, त्यांतले तीन नॉकआऊट. तो संपला असंच सगळे म्हणाले. २०१४ मध्ये यूएफसीने त्याला परत घेतलं आणि पुढची दहा वर्षं, पंचेचाळिशीपर्यंत, तो तिथे टिकला. सुरुवातीला जुनी आग थोडी दिसली, पुढे तीही विझली; पण तोवर तो सावध झाला होता. ठोसे कमी, चुका त्याहून कमी, गुणांवर विजय. प्रेक्षकांना तो कंटाळवाणा वाटे. मला मात्र त्यात कारागिरी दिसते: आपल्याला आता काय जमत नाही, हे ओळखून त्याने खेळ बेतला.

या दोघांच्या पलीकडे मिर्को क्रो कॉप उभा आहे, आणि त्याच्याबाबत निवाडा देणं अवघड आहे. २००६ मध्ये प्राइड या संघटनेची खुल्या गटाची स्पर्धा जिंकणारा हा क्रोएशियन, नोव्हेंबर २०१५ मध्ये खांद्याच्या दुखापतीने निवृत्त झाला. खांदा बरा करण्यासाठी ग्रोथ हॉर्मोन घेतल्याचं त्याने स्वतःच सांगितलं आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. ती बंदी लागू नसलेल्या जपानमध्ये तो गेला आणि २०१६ च्या अखेरीस, बेचाळिसाव्या वर्षी, तिथल्या रिझिन या संघटनेची खुल्या गटाची स्पर्धा जिंकला. पराक्रम खरा, वाट संशयाची. २०१९ मध्ये शेवटची लढत जिंकल्यावर थोड्याच दिवसांत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उतारवयातल्या पुनरागमनांचा इतिहास लिहिताना औषधांचं प्रकरण वगळता येत नाही. वय झाल्याचं कारण दाखवून टेस्टोस्टेरॉन घेण्याची परवानगी अमेरिकेत काही वर्षं सर्रास मिळत होती. नेवाडा राज्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये ती बंद केली, आणि काही ‘दुसऱ्या तारुण्यां’ची जादू त्यानंतर पटकन ओसरली.

याहून खालचा थर आठवणींच्या बाजाराचा. फेडोर एमेलियानेन्को हा या गटातला सर्वश्रेष्ठ मानला गेलेला मल्ल. २०१२ मध्ये त्याने खेळ सोडला आणि ३१ डिसेंबर २०१५ रोजी तो परतला. समोर कोण? भारतीय वंशाचा किकबॉक्सर जयदीप सिंग, ज्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा अनुभव नसल्यातच जमा. पहिल्याच फेरीत तो फेडोरच्या खाली अडकला आणि हरला. आपल्या नावाचा माणूस जगातल्या मोठ्या रिंगणात उतरला म्हणून आपल्याकडे कौतुक झालं. तो तिथे कशासाठी आणला गेला, हे फार कुणी विचारलं नाही. पुढे फेडोर काही चांगल्या लढती लढला, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, रायन बेडरने त्याला पहिल्या फेरीतच थांबवलं. त्याआधी २०१९ मध्ये याच बेडरने त्याला ३५ सेकंदांत पाडलं होतं. हा हिशेब गामाच्या हिशेबासारखा दिसतो, पण मधल्या चार वर्षांत फेडोरच्या बाजूने फक्त वय वाढलं होतं.

फेब्रुवारी २०१६ ची ह्यूस्टनमधली रात्र तर या बाजाराचा तळ दाखवते. बावन्न वर्षांचा केन शॅमरॉक आणि एकोणपन्नास वर्षांचा रॉइस ग्रेसी एका लढतीत. दुसरीत बेचाळीस वर्षांचा किंबो स्लाइस आणि ‘दादा ५०००’ नावाने ओळखला जाणारा त्याचा जुना साथीदार. दुसऱ्या लढतीत दोघांनाही हात उचलवेनात. दादा ५००० कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं आणि डॉक्टरांनी त्याला कसंबसं परत आणलं. शॅमरॉक आणि किंबो दोघेही उत्तेजक चाचणीत सापडले. चार महिन्यांनी किंबो हृदयविकाराने गेला. प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने ती रात्र यशस्वी ठरली, हे सर्वांत वाईट.

भारताने यातलं काय उचललं? ११ मार्च २०१२ रोजी मुंबईत राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला. मुख्य लढतीला बॉब सॅप विरुद्ध जेम्स थॉम्प्सन. सॅप २००२ साली जपानमध्ये खरोखर दहशत होता; अर्नेस्टो होस्टसारख्या जगज्जेत्याला त्याने दोनदा हरवलं होतं. मुंबईत आला तो सॅप मात्र गावोगाव फिरून पहिल्या फेरीत हरण्याबद्दल ओळखला जाऊ लागला होता. मुंबईतही तेच झालं: पायाला दुखापत, लढत पहिल्या फेरीत खलास. ज्या देशात तांबड्या मातीत वाढलेले शेकडो जड वजनाचे पहिलवान आहेत, तिथे या खेळाची ओळख एका दमलेल्या परदेशी नावाने करून दिली गेली. ही चूक नुसत्या पैशाची नव्हती, दृष्टीची होती.

संग्राम सिंगचं प्रकरण वेगळं. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत हा चाळिशीकडे झुकलेला कुस्तीगीर पहिल्यांदा पिंजऱ्यात उतरला आणि बऱ्याच लहान वयाच्या पाकिस्तानी प्रतिस्पर्ध्याला त्याने दीड मिनिटात शरण आणलं. स्पर्धेच्या नावात गामा होता. विजयाबद्दल त्याचं अभिनंदन जरूर करावं. पण एका झटपट विजयावरून कुस्तीगीरांनी चाळिशीत पिंजऱ्यात जावं असा निष्कर्ष काढणं धोक्याचं. तो धोका गामाच्याच घराण्याने भोगला आहे. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत गामाचा पुतण्या अक्रम पहिलवान, चाळिशी केव्हाच ओलांडलेला, जपानच्या अँटोनियो इनोकीसमोर उभा राहिला. इनोकीने हात पिळून धरला. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की संपतं. हात धरला म्हणून हार कबूल करायची सवय अक्रमला नव्हती, आणि घराण्याचं नाव डोक्यावर. त्याने हार मानली नाही, हात मोडला. ताकद कमी पडली म्हणून तो हरला नाही. खेळाचे नियम बदलले होते आणि शिकायचं वय उलटून गेलं होतं.

उतारवयातल्या मल्लाचं काय करायचं, या प्रश्नावर बडोद्याला काही सांगण्याचा अधिकार आहे. खंडेराव गायकवाडांच्या काळापासून इथे मल्लांना दरबारी आश्रय होता. वस्ताद जुम्मादादांचा वारसा घेऊन त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिर उभं केलं. मल्लखांब, लाठी, कुस्ती शिकवता शिकवता माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजले. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश याच शहरातून मराठीत काढला. या परंपरेत लंगोट उतरवलेल्या मल्लाला काम होतं: डाव शिकवणं, निखळलेलं हाड बसवणं, पोरांच्या जोडी लावणं, कुठली कुस्ती सोडवायची ते ठरवणं. त्याचा मान पुन्हा मैदानात उतरण्यावर अवलंबून नव्हता, म्हणून उतरायची घाईही नव्हती. आजच्या पिंजऱ्यात अशी दुसरी जागा फार थोड्यांना मिळते. बरेच जण पैशासाठी परततात, त्याहून जास्त जण दुसरं काही येत नाही म्हणून.

तरीही परतायचंच असेल तर वाट आहे. चाळीसगावकडचा विजय चौधरी, तीन वेळा महाराष्ट्र केसरी, पोलीस अधिकारी झाल्यावर २०२३ मध्ये विनिपेगच्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटात सुवर्ण जिंकून आला. जागतिक कुस्ती संघटना पस्तिशीपुढच्यांसाठी वयोगटांनुसार स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरवते, तिथे लढतींची वेळही कमी असते. अशा ठिकाणी जिंकलेल्याला कोट्यवधी मिळत नाहीत, पण हरलेला घरी चालत जातो.

म्हणून आपल्या आयोजकांकडे तीन साध्या मागण्या. चाळिशीपुढच्या लढवय्याची मेंदूची आणि हृदयाची तपासणी लढतीआधी, स्वतंत्र डॉक्टरांकडून झालीच पाहिजे. दोघांच्या वयात आणि अनुभवात किती अंतर चालेल, ते आधी लिहून ठरलं पाहिजे. आणि जोड लावणाऱ्यांत एक तरी असा माणूस हवा, ज्याने स्वतः मातीत आयुष्य काढलं आहे आणि ज्याला तिकीटविक्रीतला वाटा मिळत नाही. हे जमत नसेल तर म्हाताऱ्या नावाची फलकबाजी करू नये, आणि आपण तिकीट काढू नये.