कुंभारणीचं मडकं

गच्चीतल्या बागेकडे उघडणाऱ्या आमच्या खिडकीच्या चौकटीला कुंभारीण माशीने बोराएवढं मडकं केलं आहे. ते बघायचं तर सकाळी, ऊन बाजूने येतं तेव्हा. मग त्याच्या पोटावर एकावर एक बसलेल्या चिखलाच्या कड्या दिसू लागतात. प्रत्येक कडी म्हणजे एक खेप. ही माशी आधी पाणी पिऊन येते, कोरड्या मातीवर ते सोडून गोळी मळते, ती जबड्याशी धरून आणते आणि लिंपत जाते. फिरतं चाक नाही, ती स्वतःच मडक्याभोवती फिरते.

खरी कारागिरी गळ्याशी आहे. पोटाचा घेर आवळत आणून तिने अरुंद मान काढली आहे आणि मानेवर बाहेर वळलेला नाजूक काठ. या काठाचं काम एक-दोन दिवसांचंच. आत अळ्या भरल्या की तोंड लिंपून टाकायचं. शेजारी आणखी मडकी रचली, तर सगळ्यांवर मिळून चिखलाचा जाड लेप बसतो आणि बाहेरून नुसतं ढेकूळ उरतं. तरीही तो काठ किती निगुतीने वळवला आहे! मला या मडक्यात सर्वांत जास्त आवडतो तो हाच काठ.

पण सौंदर्याचा गाभा आत आहे. मडकं तयार झालं की ती अन्न आणण्याआधी अंडं घालते, तेही तळाशी नव्हे, तर छताला बारीक धाग्याने टांगून. नंतर अळ्या येतात. नांगी मारून लुळ्या केलेल्या, पण जिवंत, म्हणून न सडणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये झाँ आन्री फाब्र याने अशा घरट्याला बाजूने खिडकी पाडून आत पाहिलं. अळ्या पुरत्या निपचित नव्हत्या, डिवचलं की वळवळत होत्या. त्या ढिगात अंडं चिरडलंच असतं. धाग्याचं कारण तिथे उलगडतं. पिल्लू अंड्यातून निघाल्यावरही वरूनच लोंबकळत खायला लागतं आणि खाली हालचाल वाढली की मागे सरकतं. चिखलाच्या त्या अंधारात एवढी काळजी टांगलेली आहे, हे कळल्यापासून मी मडक्याकडे नुसतं मडकं म्हणून पाहू शकलेलो नाही.

आपल्याकडे हे दृश्य फार पूर्वीच पाहिलं गेलं होतं. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताच्या 24 गुरूंमध्ये ही माशी आहे, आणि त्याच स्कंधावरच्या, 1573 साली काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतातही ती येते. कोंडलेली अळी माशीचा ध्यास घेते आणि शेवटी माशीच होते, असा तो दृष्टांत. याला अडाणी समजूत म्हणणं मला पटत नाही. अळी आत गेली, तोंड बंद झालं, बाहेर कुंभारीण आली. पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी बाहेरचं काहीच सोडलेलं नाही. त्या माणसांना दिसलं नाही ते एकच, आधीच टांगलेलं अंडं.

कोंडलेल्या अळीला माशीची गुणगुण ऐकू येते, असंही सांगतात; ती गुणगुणही कुणी कल्पनेने रचलेली नाही. कोळी पकडून आणणारी, लांबट नळ्या लिंपणारी तिची दुसरी जातभगिनी चिखल लावताना खरोखरच गुणगुणते. पंखांच्या स्नायूंच्या त्या थरथरीने चिखल सैल होऊन नीट बसतो.

बागेला कुंभारणीचा फार मोठा आधार आहे. पानं कुरतडणाऱ्या अळ्या कुंभारीण एकेक करून उचलून नेते, आणि तीही कुणाशी भांडण न काढता. गांधीलमाश्यांसारखं हिचं मोहोळ नसतं, घरट्यासाठी ती माणसावर धावून येत नाही. हातात दाबली तरच डसते. तरी साफसफाईत पहिला खराटा फिरतो तो या ढेकळांवर. कृपा करून फिरवू नका. कोथिंबीर थोडी फुलू द्या, कारण मोठी झालेली कुंभारीण स्वतः फुलांतल्या मधुरसावर जगते. कुंडीजवळ पाण्याची एक बशी आणि थोडी कोरडी माती ठेवा. आणि औषधाचा पंप उचलायच्या आधी दोन दिवस थांबा.

आमच्या मडक्याचं तोंड परवा बंद झालं. काल दुपारी त्या ताज्या लिंपणावर एक चकचकीत हिरवीनिळी माशी बसलेली दिसली, मोरपिसाचा तुकडा पडावा तशी. ही दुसऱ्यांच्या बंद घरट्यांत स्वतःचं अंडं घालते. मी पुढे झालो तशी ती उडाली. तिचं काम उरकलं होतं की राहिलं, ते लिंपणावरून ओळखता आलं नाही. कोण बाहेर येतं, ते मडक्याच्या कुशीला गोल भोक पडेल त्या दिवशी कळेल.