बालचरित्रांतील गोणपाट

मुलांसाठीं लिहिलेल्या डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांची आतां वानवा राहिलेली नाहीं, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अशीं कांहीं पुस्तकें एकापाठोपाठ वाचल्यावर आमच्या मनांत एक शंका उद्भवली, ती सुज्ञ वाचकांपुढें मांडावीशी वाटते. या पुस्तकांतील छोटा भीमराव कोपऱ्यांत गोणपाटावर बसतो, तहानलेला राहतो, तरीहि नेटानें अभ्यास करतो आणि पुढें मोठा विद्वान होतो. कथा खरी आहे. पण ती ज्या वळणानें सांगितली जाते त्यायोगें गोणपाट हें अन्यायाचें साधन न राहतां थोरवीची पहिली पायरी बनतें. अपमान सोसला म्हणूनच तो मोठा झाला, असा कांहींसा ग्रह करून घेऊन मूल पुस्तक मिटतें. ज्या असंख्य मुलांच्या वांट्यास असाच कोपरा आला आणि जीं बॅरिस्टर झालीं नाहींत, त्यांचें काय, हा प्रश्न त्याला सुचतच नाहीं.

मूळ कथन अगदीं निराळें आहे. आंबेडकरांनीं स्वतः इंग्रजींत लिहून ठेवलेलें ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ हें छोटें आत्मकथन त्यांच्या पश्चात १९९० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. त्यांत साताऱ्यांतील शाळकरी दिवसांची हकीकत आहे, आणि तींत कोठेंहि गहिवर नाहीं. वर्गांत गुणानुक्रमें जी जागा मिळावयाची ती यांना मिळत नसे. यांचा कोपरा वेगळा. यांच्या गोणपाटाला शाळा झाडणारा नोकर शिवत नसे, म्हणून तें सायंकाळीं घरीं न्यावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं परत आणावयाचें. इतर मुलें गुरुजींना विचारून नळावर जात. यांचें मात्र नुसत्या परवानगीनें भागत नसे. नळाला हात लावण्याची बंदी, तेव्हां तो शिपायानें उघडावयाचा, आणि शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच.

या वर्णनांत कोणी एक दुष्ट मास्तर नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. परवानगी देणारे गुरुजी आहेत, पगारी नोकर आहे, वाहता नळ आहे. शाळा अगदीं शिस्तींत चालली आहे, आणि अन्याय त्या शिस्तींतच मुरलेला आहे. आमचे बालचरित्रकार नेमका हाच भाग उडवितात व त्याच्या जागीं एखादा खलपुरुष किंवा एखादा कनवाळू शिक्षक आणून बसवितात. अशा गोष्टींनीं मुलांचीं मनें कोमल होतात, असें पालक म्हणतील. होत असतील, पण दया करणारें मूल आपल्या बाकावर बसूनच दया करतें, आणि बाकांची मांडणी कोणीं केली हें विचारावें असें त्याला वाटत नाहीं.

याहून निराळ्या रीतीनें सांगतां येतें. तेत्सुको कुरोयानागी यांचें ‘तोत्तोचान’ हें १९८१ चें जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांनीं मराठींत आणलें आहे. पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान झाडावर चढविते तो त्यांतील प्रसंग पुष्कळांना आवडतो. आम्हांस तोमोए शाळेच्या क्रीडादिनाचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. ताकाहाशी या मुलाचे हातपाय आंखूड, वाढ खुंटलेली. मुख्याध्यापक कोबायाशी यांनीं शर्यतीच अशा योजल्या कीं, कापडी माशाच्या पोटांतून सरपटत जावें, पायऱ्या चढाव्या, आणि लहान चणीचें अंग तेथें कामास यावें. ताकाहाशी एकामागून एक शर्यती जिंकतो आणि बक्षीस म्हणून भाजीपाला घरीं नेतो. त्याच्यासाठीं कोणी मुद्दाम हरत नाहीं. बदलतात ते खेळाचे नियम.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांसाठीं राखल्या. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यांतून सूट देणारा महाराष्ट्र शासनाचा २०२४ चा नियम मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं रद्द केला. म्हणजे आपल्या मुलाशेजारचें मूल तेथें हक्कानें आलें आहे. तें उपकारानें आलें, असें आपल्या मुलाला शिकविणारे मात्र बहुधा आपण घरचींच माणसें असतों.

अशा घरांत वाचावयास आम्ही एक जुनें लेखन सुचवूं. फुले दांपत्याच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. येथें बहिष्कृत मूल दुसऱ्याच्या गोष्टींतील पात्र नाहीं. तें स्वतः बोलतें, आणि गयावया न करतां जाब विचारतें. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल तर्कशास्त्राच्या प्राध्यापकानेंहि हेवा करावा इतका नेमका आहे. एखाद्या प्रकाशकानें हा निबंध मुलांसाठीं सचित्र काढावा. इमारतींच्या पायांत तेल-शेंदूर पाजून माणसें पुरल्याचें ती लिहिते, तो भाग मात्र ‘मुलांना झेपणार नाहीं’ म्हणून संपादकांनीं गाळूं नये. निबंध लिहिला तेव्हां तीहि शाळेंतली मुलगीच होती.