दोन चौकटींमधली रेघ

रोगप्रतिकारशक्ती शिकवताना आपण फळ्यावर दोन चौकटी काढतो. उपजत प्रतिकार एकीत, उपार्जित दुसरीत. दाह इकडे, प्रतिपिंडे तिकडे. पाठांतराला ही मांडणी सोयीची आहे. पण दोहोंतला संबंधच ती पुसते, हा आमचा आक्षेप.

१९३० साली टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन आढळले. दाह सुरू होताच यकृत ते भराभर बनवते. ते जंतूला चिकटून रक्तातील पूरक प्रथिनांना कामाला लावते. त्यांपैकी सी३ या प्रथिनाचा सी३डी हा तुकडा जंतूवर घट्ट बसतो आणि बी-पेशींना तो ओळखता येतो. १९९६ साली अंड्यातल्या लायसोझाइमला सी३डीच्या तीन प्रती जोडून उंदरांना टोचले, तेव्हा प्रतिपिंडे निर्माण करण्याची त्याची क्षमता १०,००० पट वाढली!

लस टोचल्यावर दंड सुजतो. ‘लस बाधली,’ असे विद्यार्थी घरी ऐकतो. चौकटीतले उत्तर पाठ असूनही त्याला याचा उलगडा होत नाही. चौकटी जरूर काढाव्यात; फक्त मधली रेघ पुसून तेथे बाण काढावा.